विदर्भात खेड्यावर नोकरी लागली? किरायाची खोली घेण्याआधी हे बघा

ऑर्डर हातात पडते, तिच्यावर गावाचं नाव असतं आणि ते नाव तुम्ही पहिल्यांदाच वाचत असता. शिक्षक, तलाठी, परिचारिका, कृषी सहायक, वनरक्षक, बँकेतले कारकून अशी कितीतरी पोरं-पोरी दरवर्षी पुण्या-कोल्हापूरकडून, मराठवाड्यातून, अगदी नागपूर-अमरावतीतूनही विदर्भाच्या खेड्यांत पहिल्या नोकरीवर येतात. मी बँकेत आहे. सहा बदल्यांत अकोल्याकडचा खाऱ्या पाण्याचा खारपाणपट्टा पाहिला, यवतमाळकडचं कापसाचं शिवार पाहिलं, पूर्वेकडच्या झाडीपट्टीतली धानाची गावं पाहिली, आणि प्रत्येक ठिकाणी किरायानं राहिलो. इकडे भाड्याला किराया म्हणतात. ‘भाड्याची खोली’ म्हटलं तरी लोकांना समजतं, पण ‘किरायानं खोली पाहिजे’ म्हटलं की बोलणं लवकर पुढे सरकतं.

इकडचं घर बघायचं ते मे महिना आणि ऑगस्ट महिना डोळ्यांसमोर ठेवून. जानेवारीत कोणतंही घर चांगलंच दिसतं. हवा गार असते, रस्ता कोरडा असतो, विहिरीला पाणी असतं. नवीन माणूस तेव्हा फरशी, रंग आणि किराया बघून होकार देतो. माझंही पहिल्या बदलीत तेच झालं, ते पुढे सांगतोच.

आधी ठरवा: गावात, तालुक्याला की जिल्ह्याला

खोली शोधायच्या आधी हा निर्णय घ्या, कारण बाकी सगळं यावर अवलंबून आहे. सोबतचे लोक बहुतेक सांगतील, ‘गावात काय राहता, आम्ही सगळे अप-डाऊन करतो.’ त्यांचं ऐका, पण हिशेब स्वतः करा. समजा जिल्ह्याचं ठिकाण ४० किलोमीटरवर आहे. रोजचे ८० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस धरले तर २,००० किलोमीटर झाले. गाडीनं लिटरला ५० दिले तरी ४० लिटर पेट्रोल लागतं, म्हणजे चार हजारांच्या वर पैसे नुसते रस्त्यात जातात. गावातल्या खोलीचा किराया बहुतेक वेळा याच्यापेक्षा कमी असतो.

पैशापेक्षा मला काळजी वाटते ती रात्रीच्या रस्त्याची. दिवाळीनंतर संध्याकाळी सहालाच अंधार पडतो. कापूस नाहीतर सोयाबीन भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, रोही (नीलगाय) एकदम उडी मारून रस्त्यावर येते आणि तिच्या मागे दुसरी असते, हे नवीन माणसाला ठाऊक नसतं. पहिली गेली म्हणून तो वेग वाढवतो आणि दुसरीवर आदळतो. रानडुकरांचंही तसंच. माझे दोन सहकारी असेच पडले, एकाचा पाय वर्षभर बरा झाला नाही. म्हणून रोज एका बाजूनं २०-२५ किलोमीटरपेक्षा जास्त दुचाकी चालवावी लागेल असं घर घेऊ नका, असं मी प्रत्येक नवीन मुलाला सांगतो.

सरकारी नोकरी असेल तर मुख्यालयी राहण्याची अट वाचून घ्या. घरभाडे भत्ता त्याच्याशी जोडलेला असतो आणि शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचाऱ्यांकडून मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. ज्या गावात तुम्ही एकही रात्र काढली नाही, त्या गावाकडे असा ठराव मागायला जाणं अवघड असतं.

तरीही सगळ्यांनी गावातच राहावं असं मी म्हणणार नाही. घरात म्हातारे आई-वडील असतील, कुणाला डायलिसिस किंवा हृदयाचं औषधपाणी चालू असेल, मुलं आठवी-दहावीत असतील, तर तालुक्याचं ठिकाण बरं. तिथे ग्रामीण रुग्णालय असतं, औषधाची दुकानं रात्री थोडी उशिरापर्यंत उघडी असतात, डब्बा मिळतो. एकटा माणूस असेल आणि गावात शिजवून खायची तयारी असेल तर गावच चांगलं. मी एकटा असताना गावात राहिलो, मूल झाल्यावर तालुक्याला राहिलो, आणि दोन्ही वेळा ते बरोबरच होतं.

एसटीवर विसंबणार असाल तर मुक्कामी गाडी आहे का ते विचारा. रात्री गावात मुक्कामाला येणारी आणि पहाटे निघणारी गाडी असेल तर तालुक्याला जाणं-येणं सोपं होतं. नसेल तर फाट्यापर्यंत चालत जाऊन काळीपिवळी जीपची वाट बघणं आलं, आणि काळीपिवळी भरल्याशिवाय निघत नाही. नकाशावर रूळ दिसला म्हणून रेल्वे आहे असं धरू नका. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणाऱ्या शकुंतलेचे रूळ नकाशात दिसतात, गाडी धावत नाही. नागपूर-नागभीड छोट्या लाइनची गाडीही २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली.

पहिले पंधरा दिवस कुठेतरी टेका

आल्या आल्या खोली पक्की करू नका. तालुक्याच्या लॉजवर, एखाद्या सहकाऱ्याच्या खोलीत, नाहीतर कार्यालयाच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये दहा-पंधरा दिवस काढा. या दिवसांत ड्युटीच्या वेळेला जाणं-येणं करून बघा, एक आठवडी बाजार बघा, एक रविवार तिथेच काढा. रविवारी गाव कसं असतं ते तेव्हाच कळतं.

तुम्ही ज्याच्या जागेवर आलात, त्याला सगळ्यात आधी फोन करा. तो कुठे राहत होता, खोली का सोडली, घरमालक कसे आहेत हे त्याच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही. बदल्या बहुतेक मे-जूनमध्ये होतात, त्यामुळे जाणाऱ्याची खोली येणाऱ्याला मिळते. माझ्या सहापैकी तीन खोल्या अशाच मिळाल्या.

दुसरी जागा म्हणजे पानठेला. बसस्टॉपजवळच्या पानठेल्यावर सकाळी नऊच्या सुमाराला चहा घेत उभं राहा आणि सांगा, ‘भाऊ, मी इथं नवीन आलो, किरायानं खोली पाहिजे.’ तिथं उभी असलेली चार माणसं चार पत्ते देतात. तुमची चौकशीही तेव्हाच होते: गाव कोणतं, खातं कोणतं, लग्न झालं का. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. संध्याकाळपर्यंत तुमची माहिती गावभर झालेली असते आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्वतः येऊन ‘सर, आमच्या इथं एक खोली आहे’ म्हणतं. दलाल लागत नाही. मुलींनी आणि महिलांनी हीच चौकशी अंगणवाडी सेविका, आशाताई किंवा शाळेतल्या बाईंकडे करावी. कोणत्या घरात किरायेदार बाई निवांत राहू शकते हे त्यांना नेमकं माहीत असतं.

पाणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

‘नळ आहे का?’ असं विचारलं तर सगळे ‘आहे’ म्हणतात. विचारायचं असं: ‘मे महिन्यात नळ कितव्या दिवशी येतात? किती वाजता? किती वेळ? आणि टिल्लू लावावा लागतो का?’ टिल्लू म्हणजे नळाला लावायचा छोटा पंप. घराघरात टिल्लू लागलेले असले तर समजा की तुमच्याकडे तो नसेल त्या दिवशी थेंबही येणार नाही. हाच प्रश्न शेजारच्या बाईला विचारा, कारण पाणी भरतात त्या. जिल्ह्याच्या ठिकाणी पाण्याची चिंता नसेल असंही समजू नका. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली आणि शहरभर लोक टँकरच्या वाटेला डोळे लावून बसले.

मग साठवण मोजा. जलजीवन योजनेत माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात. चौघांचे २२० झाले. उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र चालतो, त्याचे ६० धरा. म्हणजे दिवसाला २८० लिटर. नळ चौथ्या दिवशी येत असतील तर हजार-अकराशे लिटरची टाकी फक्त तुमच्यासाठी लागते. स्लॅबवर ५०० लिटरची टाकी आणि ती दोन किरायेदारांत असेल, तर मे महिन्यात भांडण ठरलेलं.

विहीर किंवा बोअर असेल तर झाकण काढून बघा आणि ‘मे महिन्यात किती तास मोटर चालते’ हे विचारा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) आणि बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी, आहेत. तलावाखालच्या बाजूच्या विहिरींना पाणी उशिरापर्यंत टिकतं. मात्र तिकडे डासही तितकेच. गडचिरोलीत मलेरिया हलका समजू नका, मच्छरदाणी पहिल्या दिवसापासून लावा.

आता पाण्याची जात. पूर्णेच्या काठानं अकोला, बुलढाणा, अमरावती या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली, शेगाव, संग्रामपूर, नांदुरा या तालुक्यांतल्या अनेक गावांत जमिनीतलं पाणी खारं आहे. तिथल्या माझ्या पहिल्या घरी घरमालकीण मावशींनी आल्या दिवशी ओसरीवर मला पाण्याचे दोन गुंड, म्हणजे हंडे, दाखवले, एक पितळी, एक स्टीलचा. पितळी गुंडावर स्वच्छ फडकं बांधलेलं होतं. त्या म्हणाल्या, ‘हे प्याचं पानी हाय भाऊ, थे वापराचं. या फडक्याच्या गुंडात तांब्या बुडवाचा नाही, कलता करून घ्याचं.’ त्या घरात राहिलो तेवढे दिवस मी तो नियम मोडला नाही, कारण ते गोडं पाणी त्या पहाटे उठून आणत असत.

खारं-जड पाणी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. न्हाणीतल्या नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या आत पांढरा थर बघा. हात धुवून बघा, साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे. घरमालकिणीला विचारा, ‘या पाण्यात तुरीची डाळ शिजते का?’ मीटर मिळाला तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरतात, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे. ते चवीला कळत नाही. गावातल्या शाळकरी पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले तर सावध व्हा. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. उकळून ना खार जातो ना फ्लोराइड. पाणी आटतं आणि राहिलेल्यात त्यांचं प्रमाण उलट वाढतं. आरओ लावा, नाहीतर २० लिटरची कॅन घ्या, आणि तो खर्च किरायात धरून हिशेब करा. ग्रामपंचायतीत गावाला पाण्याचं कार्ड कोणतं मिळालंय तेही विचारता येतं. लाल, पिवळं, हिरवं अशी ती कार्डं असतात आणि ग्रामसेवकाला माहीत असतं.

ऊन: छत बघा, मग खोली

एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला ४५ अंशांच्या पुढे जातात. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले होते. पुण्याहून आलेल्या माणसाला हा आकडा वाचून कळत नाही. दुपारी तीनला टाकीतल्या पाण्यात हात घालता येत नाही, भिंतीला पाठ टेकवत नाही, आणि रात्री बारालाही स्लॅब आग ओकत असतो.

त्यामुळे शक्य असेल तर खालच्या मजल्यावरची खोली घ्या, जिच्यावर दुसरा मजला आहे. वर उघडा स्लॅब असेल तर घरमालकांना एप्रिलच्या आधी चुन्याचा हात मारू द्याल का, असं विचारा. खर्च थोडा आहे आणि फरक मोठा पडतो. टिनाचं छत असेल आणि खाली फॉलसीलिंग नसेल तर खोली कितीही स्वस्त असली तरी सोडा, मुलं-म्हातारे असतील तर नक्कीच. कवेलूचं, म्हणजे कौलांचं, मातीच्या भिंतींचं घर या सगळ्यांत गार, मी झाडीपट्टीत दोन उन्हाळे तशा घरात सुखानं काढले. पण कवेलूवर वानरं नाचतात, कवेलू फुटतात आणि पहिल्या पावसात घरात भांडी मांडावी लागतात. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरून कोण देणार, तुम्ही की घरमालक, हे आधीच बोलून घ्या.

कूलर कुठे बसेल ते जागेवर उभं राहून ठरवा. खिडकीबाहेर स्टँड लागेल का, तिथे सावली आहे का, वायर आणि पाणी पोचतं का? आणि कूलरसमोरच्या भिंतीला हवा बाहेर जायला दार किंवा खिडकी हवीच. एकच खिडकी असलेल्या खोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात खोली दमट होते आणि घाम सुकत नाही. पश्चिमेची भिंत उघडी आणि तिच्यापलीकडे झाड नाही, अशी झोपायची खोली टाळा. अंगणात कडुलिंब असेल तर त्या घराला दोनशे रुपये जास्त द्यायला मी तयार असतो. उन्हाळ्यात रात्री स्लॅबवर झोपता येईल का हेही विचारा, काही घरमालक जिना कुलूपबंद ठेवतात.

पावसाळा: लेआऊटच्या घरापासून जपून

पहिल्या बदलीत मी फेब्रुवारीत घर बघितलं. तालुक्याच्या गावाबाहेर नवीन लेआऊट पडलं होतं. शेताचे प्लॉट पाडून तिथे घरं बांधतात, त्याला इकडे लेआऊट म्हणतात. घर कोरं होतं, पांढरी फरशी, दोन खोल्या, किराया गावातल्या जुन्या घरापेक्षा कमी. डांबरी रस्त्यापासून घर दोनशे पावलांवर, मध्ये काळ्या मातीचा मुरूमही न टाकलेला रस्ता. फेब्रुवारीत तो दगडासारखा टणक होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस पाऊस पडला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल दहा पावलं गेली आणि थांबली. चाक आणि मडगार्डच्या मधे चिखल असा ठासून बसला की चाक फिरेना. काडीनं उकरायचा, दहा पावलं जायचं, परत उकरायचा. त्यानंतर सप्टेंबरपर्यंत गाडी डांबरी रस्त्याकाठच्या एका ओळखीच्या अंगणात ठेवली. बायको दीड वर्षाच्या पोरीला कडेवर घेऊन, चपला हातात धरून दवाखान्यात गेली ते मला अजून दिसतं. ते घर आम्ही पोळा झाल्यावर सोडलं.

म्हणून लेआऊटमधलं घर घ्यायचं तर तीन गोष्टी बघा: दारापर्यंत मुरुमाचा किंवा सिमेंटचा रस्ता, सांडपाण्याची नाली, आणि रस्त्यावरचा दिवा. तिन्ही नसतील तर जुन्या वस्तीतलं, अरुंद गल्लीतलं, जरा अंधारं घर त्याहून बरं.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिच्यावर पाया कच्चा असला की भिंती फुटतात. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या वर गेलेल्या भेगा बघा. नुकताच रंग दिलेला असेल तर बोट फिरवून बघा, पुट्टी भरलेली भेग हाताला लागते. केसाएवढी असेल तर चालतं. बोटाचं टोक जाईल एवढी असेल तर घर सोडा. संडासाचा खड्डा किती मोठा आहे, पावसाळ्यात तुंबतो का, हेही लाज न बाळगता विचारा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्डा लहान असेल तर ऑगस्टमध्ये वर येतो.

नदी-नाल्याकाठच्या गावात एकच प्रश्न पुरतो: ‘मोठा पूर आला त्या साली पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ वैनगंगेकाठी ऑगस्ट २०२० च्या अखेरचा पूर विचारा. भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडचे लोक हात दाखवून भिंतीवरची रेघ सांगतात. रेघ घराच्या ओट्याच्या वर असेल तर ते घर नको. गाव आणि तालुका यांच्यामधे रपटा, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा बुटका पूल, आहे का आणि पावसाळ्यात किती वेळा बंद पडतो, हेही विचारा. भामरागडला पर्लकोटा नदी फुगली की रस्ता बंद होतो, हे तिथे पावसाळ्यात दरवर्षीचं आहे. अशा ठिकाणी राहणार असाल तर पंधरा दिवसांचा किराणा, औषधं आणि भरलेलं सिलिंडर जूनमध्येच घरात हवं.

साप हाही पावसाळ्याचाच विषय आहे. घराला लागून गोठा, कुटाराचा (भुशाचा) ढीग किंवा पऱ्हाटीची (कापसाच्या वाळक्या झाडांची) गंजी असेल तर उंदीर येतात आणि त्यांच्या मागे साप. मण्यार रात्री अंथरुणात शिरतो आणि चावलेलं कळतही नाही. जमिनीवर झोपू नका, खाट घ्या, ती भिंतीपासून हातभर दूर ठेवा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. सर्पदंशाची लस असलेला जवळचा दवाखाना कोणता हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा, आणि १०८ ला फोन लावायला खोलीत रेंज येते का ते बघा. जंगलाला लागून असलेल्या, वाघ-बिबट्याचा वावर असलेल्या गावात, विशेषतः ताडोबाच्या आसपास आणि ब्रह्मपुरीकडे, संडास घराच्या आत असलेलीच खोली घ्या. पहाटे आणि अंधार पडल्यावर गावाच्या कडेला एकट्यानं जाऊ नका. मोहफुलाच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत तर नाहीच.

वीज

स्वतंत्र मीटर आहे का ते बघा. महावितरणचा दर युनिटच्या टप्प्यांनी वाढतो: १०० पर्यंत एक, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढे. घरमालक आणि दोन किरायेदार एकाच मीटरवर असले की सगळ्यांचे युनिट मिळून वरच्या टप्प्यात जातात आणि तुमच्या ७० युनिटचा दर दुप्पट पडतो. सबमीटर असेल तर युनिटचा दर आधीच ठरवून लिहून घ्या. उन्हाळ्यात दाब किती राहतो ते शेजाऱ्याला विचारा, कमी दाबात कूलरची मोटर जळते.

घरमालकाशी बोलणी

घरमालक वयानं मोठे असतील तर काकाजी म्हणा, नुसतं नाव घेऊ नका. पहिल्या भेटीत किरायावरून ताणू नका. चहा येतो, तो घ्या, घर बघा, दुसऱ्या दिवशी बोला. डिपॉझिट खेड्यात बहुतेक एक-दोन महिन्यांच्या किरायाएवढं असतं. त्याहून बरंच जास्त मागत असतील तर कारण विचारा.

आडनाव विचारतील. काही थेट जात विचारतील. हे लिहिताना मला त्रास होतो, पण नवीन माणसाला अंधारात ठेवणं त्याहून वाईट. आडनाव ऐकल्यावर कालपर्यंत रिकामी असलेली खोली आज ‘भावाला दिली’ होते, हे माझ्या सहकाऱ्यांसोबत माझ्या डोळ्यांदेखत घडलं आहे. जात लपवून खोली घेऊ नका. पुढे रोज त्या भीतीत राहावं लागतं, आणि लपवण्यासारखं तुमच्याकडे काही नाही. ज्या घरानं असं केलं ते घर सोडा आणि दुसऱ्या दारी जा. त्याच गावात तुमच्या ताटाची आणि आडनावाची चौकशी न करणारी घरंही असतात, आणि तिथे माणूस वर्षानुवर्षं राहतो. शाकाहाराची अट असेल तर ती स्पष्ट विचारून घ्या. नातेवाईक मुक्कामाला आले तर चालतात का, रात्री किती वाजता फाटक बंद होतं, गाडी आत ठेवता येते का, हेही त्याच वेळी बोला. एकट्या राहणाऱ्या मुलींनी घरमालकाचं कुटुंब त्याच वाड्यात राहतं आणि दाराला आतून मजबूत कडी आहे, अशीच खोली घ्यावी. बसस्टॉपपासून खोलीपर्यंत संध्याकाळी सातला एकदा चालून बघावं.

करार लिहून घ्या. खेड्यात ‘आपल्यात कशाला कागद’ म्हणतात, त्यात वाईट हेतू बहुतेक नसतो. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदला नाही आणि वाद झाला तर अटींबाबत किरायेदाराचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हे खरं नाही. नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० रुपये आणि शहरी हद्दीत १,००० रुपये आहे. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्का, म्हणजे छोट्या किरायावर शे-दोनशेच्या घरात. हे पैसे मी देतो म्हणा, घरमालक तयार होतात. घरभाड्याच्या पुराव्याला, गॅस कनेक्शनला, मुलाच्या शाळाप्रवेशाला हाच कागद पुढे कामी येतो.

ताबा घेताना

किराया ठरला की सामान आणायच्या आदल्या दिवशी रिकाम्या खोलीत एकदा एकट्यानं जा. सगळे नळ सोडा, सगळी बटणं दाबा, दारं-खिडक्या लावून बघा. मीटरचा आकडा आणि भिंतीवरच्या भेगांचे फोटो काढून घरमालकांना तिथल्या तिथे पाठवा. स्लॅबवर चढून टाकीचं झाकण उघडा. तळाला गाळ असेल तर तुमच्यासमोर धुवून घ्या, एकदा संसार मांडला की ती वर्षभर धुतली जात नाही. फोन लावून बघा, खोलीच्या आत रेंज येते की फक्त अंगणात. मग शेजारच्या घरी जाऊन आपलं नाव सांगा, नळ कोणत्या दिवशी कितीला येतात ते विचारा आणि दाराच्या मागे लिहून ठेवा.